मधोमध थांबलेला काटा

अभिमान सोडा, असं कीर्तनात बुवा बजावून सांगतात, आणि मीही पहिल्या रांगेत बसून मान डोलावते. राग बराचसा सोडला, हेवा सोडला, चहातली साखरसुद्धा सोडली. हा एक अभिमान मात्र काही केल्या सुटत नाही. आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेल्या एका इंजिनावर, ऑइलच्या झाकणाशेजारी, पितळेची बोटभर पट्टी आहे. तिच्यावर चाळीसचा आकडा आणि त्याच्या बाजूला एक बारीक गोल ठोकलेला आहे. तो गोल आठवला की माझी मान आपोआप वर होते. देवाकडे याला माफी असेल तर द्यावी, नसेल तर राहू दे.

आमचं घर आणि वर्कशॉप एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. भिंतीत दार. दाराच्या अलीकडे माझी शेगडी आणि जेवणाचं टेबल, पलीकडे लोखंडी बाकं, छतातून लोंबणारी साखळी आणि पान्यांची भिंत. आमच्या ह्यांना सगळे मिस्तरी म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधणं हा ह्यांचा धंदा. इंजिन पार सुटं करायचं, झिजलेलं बदलायचं, आणि परत असं जुळवायचं की ते नव्यापेक्षा जोरात पळालं पाहिजे. माझ्याकडे दोन कामं. सुटे भाग रॉकेलमध्ये धुणं, आणि तांब्याचे वॉशर नरम करणं. तांब्याचा वॉशर एकदा दाबून बसला की कडक होतो. त्याला चिमट्यात धरून गॅसवर लाल करायचं आणि पाण्यात टाकायचं, की पुन्हा मऊ. माझ्या हातच्या वॉशरवर एक गुलाबी झाक राहते. भाताच्या पातेल्याशेजारी इतकी वर्षं हे करते आहे, त्यामुळे ती झाक मला लांबूनही कळते.

आमच्या वर्कशॉपचा एक नियम आहे, तो ह्यांनीच घातलेला. ज्यानं इंजिन बांधलं, त्यानंच त्याचं ऑइल निवडायचं. कारण आतल्या फटी किती ठेवल्या हे त्यालाच ठाऊक. मग ती पितळेची पट्टी इंजिनावर बसवायची, तिच्यावर ऑइलचा आकडा आणि बांधणाऱ्याची खूण. पट्टीवर ज्याची खूण, इंजिनाचं उत्तर त्याच्याकडे. आजवरच्या सगळ्या पट्ट्यांवर एकच खूण होती, ह्यांचा छोटासा हातोडा.

मग सूनबाई आली. मुलगा आमचा जहाजावर असतो, त्याला इंजिनांचं वेड लागलं ते पाण्यातल्या. सूनबाई घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला गाडी मागे घेताना दोनदा रडू आलं होतं. पण माझ्याजवळ बसून सुटे भाग पुसता पुसता ती प्रश्न विचारायला लागली. हे उत्तरं देता देता हातवारे करायला लागले. मग हातवारे थांबवून ह्यांनी तिच्या हातात पाना दिला. केसासारखी फट ती नुसत्या बोटानं ओळखते. आमचे हे तिला ऐकू न येईल अशा बेतानं म्हणायचे, "पोरीच्या बोटांना डोळे आहेत." आणि तिला ऐकू जाईल असं म्हणायचे, "लवकर आटप, घड्याळ नाही जुळवत आहेस!"

आता गाडीची मालकीण. त्या दातांच्या डॉक्टरीणबाई, माझ्याच वयाच्या. दवाखान्यात इतक्या हळू बोलतात की पेशंटला झोप यावी. रविवारी मात्र त्यांची ती लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी गाडी घेऊन घाटाच्या शर्यतीत उतरतात, तेव्हा रस्त्याकडेची माणसं मागे सरकतात. त्यांनी इंजिन आणून दिलं त्या दिवशी हे म्हणाले, "यंदा सूनबाई बांधेल. एकटी."

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईकडे वरून खाली पाहिलं. "घड्याळवाल्यांची ना ही? बरं आहे. निदान वेळेवर तरी मिळेल."

इंजिन वेळेवर झालं. सुरुवातीचं साधं ऑइल घालून स्टँडवर चालवून झालं, आवाज असा की मी शेगडीवरचं सोडून दारात येऊन उभी राहिले. एकसारखा, खर्जातला. बुवांनी पहिला स्वर लावावा आणि मंडपातली कुजबुज थांबावी, तसं झालं मला. ते ऑइल काढून टाकलं, इंजिन गाडीत चढलं. आता राहिलं शर्यतीचं ऑइल आणि ती पट्टी.

वाद झाला तो दुपारी जेवताना.

"साठ घाल," हे म्हणाले. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो, थंडीत ते किती पटकन धावेल. दुसरा सांगतो, तापल्यावर ते किती दाट राहील. आमच्याकडे बोलतात तो दुसरा. साठ म्हणजे चांगलंच दाट.

"बाबा, मी चाळीस म्हणते आहे."

"चाळीस? बाजारहाटाच्या गाडीत घालतात चाळीस. ही गाडी घाट चढणार आहे, भाजी आणायला जाणार नाही."

"पण फटी मी बारीक ठेवल्या आहेत. तुमच्या निम्म्या म्हटलं तरी चालेल. साठ आत शिरेपर्यंत बेअरिंग कोरडंच वाट बघत बसेल. आमच्या घरी मनगटी घड्याळाला ऑइल सुईच्या टोकानं लावायचे. तिथे कुणी पळी घेऊन आलं असतं तर माझ्या वडिलांनी त्याला बाहेर काढलं असतं."

"मी पळीवाला का?"

"मी कुठं तसं म्हटलं? आई, मी म्हटलं का?"

"मला मध्ये घेऊ नका," मी म्हटलं, "आणि बाजारहाटाला नावं ठेवणाऱ्यांनी भाजी परत मागू नये."

हे हसले, पण मुद्दा सोडला नाही. ह्यांचा सगळा जीव त्या ऑइल-प्रेशरच्या काट्यात. गाडी सुरू केली की काटा ताठ उभा राहिला पाहिजे. गिऱ्हाईक पहिल्यांदा काट्याकडेच बघतं, असं ह्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. ह्यांनी बांधलेल्या इंजिनांचा काटा नेहमी शेवटच्या खुणेपाशी, पलटणीतल्या शिपायासारखा. चाळीस घातलं तर तो मधेच कुठेतरी थांबणार.

"असं कर," शेवटी हे म्हणाले, "उद्या सकाळी डॉक्टरीणबाई येतील. आधी साठ घालून सुरू कर. काटा बघू दे त्यांना. मग तुला काय घालायचं ते घाल."

सूनबाई पाणी प्यायली आणि तिनं पेला हळूच खाली ठेवला. "नियम तुमचाच आहे बाबा, बांधणाऱ्यानं निवडायचं. पण तुम्ही म्हणताय तर एकदा तुमचं."

संध्याकाळी हे स्वयंपाकघरात आले. "एक वॉशर दे गं. बारीकसा. नरम केलेला." मी डब्यातून काढून दिला. वॉशर मागायला ह्यांनी कारण सांगावं असा काही रिवाज आमच्याकडे नाही.

सकाळ गारठ्याची होती. श्वास दिसत होता. डॉक्टरीणबाई आल्या त्या नव्या पांढऱ्या कोटात. गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता म्हणे. सूनबाईनं साठचं ऑइल भरलं, झाकण लावलं, हात पुसले आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. आणि काटा काय उसळला! ताठ नव्हे, पार शेवटच्या खुणेच्याही पुढे जाऊन टेकला.

"बघा!" हे म्हणाले. छाती अशी पुढे आली की शर्टाचं बटण ताणलं. "बघून घ्या डॉक्टर! आमच्या सूनबाईचं इंजिन आहे!"

सूनबाई मात्र बघत नव्हती, ऐकत होती. तिनं किल्लीकडे हात नेला, तेवढ्यात खालून फट्ट आवाज झाला. ऑइलचा फिल्टर फुगून त्याची रबरी कडा निसटली होती. काळसर पिवळी चिळकांडी आली ती थेट पांढऱ्या कोटावर, खांद्यापासून खिशापर्यंत. सूनबाईनं इंजिन बंद केलं. जमिनीवर ऑइल पसरत चाललं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कोटाकडे पाहिलं. "लोकांच्या तोंडात पिचकाऱ्या मारायचा माझा धंदा," त्या म्हणाल्या. "आज कुणीतरी परतफेड केली." पण हसल्या नाहीत. "मिस्तरी, शर्यत तोंडावर आली आहे. मला विनोद नकोत. इंजिन कुणी बांधलं?"

"मी," सूनबाई म्हणाली.

"नव्या फिल्टरची कडा अशी निसटते?"

"नाही निसटत. मला बघू द्या."

हे सांडलेल्या ऑइलवर टाकायच्या भुशाचं पोतं आणायला म्हणून मागच्या खोलीत गेले. ह्यांची चाल मला ठाऊक आहे. भुसा आणायला माणूस इतक्या जड पायांनी जात नाही.

सूनबाई गाडीखाली सरकली. फिल्टर काढला, कडा तपासली, चांगली होती. म्हणजे दोष फिल्टरचा नव्हता, त्याच्यावर आलेला दाब जास्त होता. इंजिनात दाब फार वाढू नये म्हणून एक लहान वाट ठेवलेली असते. स्प्रिंगनं बंद असते ती. दाब वाढला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचं ऑइल खालच्या टाकीत परत जातं. सूनबाईनं त्याचं झाकण फिरवून काढलं, स्प्रिंग बाहेर घेतली आणि बोट आत घातलं. तिथे काहीतरी होतं. स्प्रिंगमागे सरकवलेलं, तिला आणखी ताठ करणारं. त्यानं वाट उघडूच दिली नव्हती. गार, दाट ऑइल कोंडलं आणि जिथून फुटता आलं तिथून फुटलं.

मी फडकं घेऊन वाकले होते. तिच्या तळव्यावर तो वॉशर मी पाहिला. गुलाबी झाक. माझी शेगडी, माझा चिमटा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. कुणी घातला, हे दोघींनाही विचारावं लागलं नाही. आणि का घातला, तेही. तिच्या इंजिनाचा काटा, पुढे चाळीस घातलं तरी, कुठल्याही गिऱ्हाइकासमोर खाली मान घालून उभा राहू नये, इतकंच त्या माणसाच्या डोक्यात होतं. तिनं मूठ मिटली आणि वॉशर एप्रनच्या खिशात टाकला.

बाहेर येऊन उभी राहिली ती सरळ डॉक्टरीणबाईंसमोर. "दाबाची स्प्रिंग जास्त ताठ बसली होती. म्हणून फिल्टर गेला. आत काही इजा नाही, पण मी उघडून खात्री करीन."

"स्प्रिंग बसवली कुणी?"

"इंजिन माझ्या हातचं आहे. त्यात जे असेल त्याचं उत्तर माझ्याकडे."

"म्हणजे चूक तुझी."

सूनबाईनं मान हलवली नाही, खाली घातलीही नाही. उभी राहिली, खिशावर हात ठेवून.

"मग मुली, मला माफ कर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या त्या हळू आवाजात. "तुझ्याबद्दल माझं काही नाही. पण घाटात मी एकटी असते त्या खुर्चीत. पट्टीवर मिस्तरींची खूण असेल तरच मी गाडी बाहेर काढीन."

एवढे महिने, काळी पडलेली नखं, रात्रीच्या जेवणालाही बेअरिंगच्या गोष्टी, आणि सगळं तांब्याच्या त्या एका चकतीपायी जाणार. बोलावं का? बोलले तर नवऱ्याची मान खाली जाते, गप्प बसले तर सुनेची. मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाबा रे, हे तुझ्या पदरात.

"खिशातलं बाहेर काढ, सूनबाई."

हे दारात उभे होते. खांद्यावर भुशाचं पोतं तसंच.

"बाबा, राहू द्या."

"काढ म्हणतो ना."

तिनं वॉशर काढला. ह्यांनी पोतं खाली ठेवलं, वॉशर घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. "हा मी घातला. काल संध्याकाळी. तिला न विचारता. तिचं इंजिन होतं तसं निर्दोष होतं. बिघडवलं ते मी."

"तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी वॉशर उजेडात धरला. "कशासाठी हो, मिस्तरी?"

"काटा ताठ दिसावा म्हणून." ह्यांचा आवाज जरा बसला. मग खाकरून मोठा झाला. "माझ्या इंजिनांत फटी मोठ्या असतात, तिथे साठही चालतं आणि ताठ काटाही चालतो. हिनं माझ्याहून बारीक काम केलंय. मी माझी सवय तिच्या इंजिनात कोंबली. आणि डॉक्टर, आता नीट ऐका. ही चूक कुणाची हे तिला तिथं खाली, गाडीखाली कळलं होतं. तरी तिनं ती अंगावर घेतली. माझी खूण हवी म्हणता? नाही मिळणार. या इंजिनावर तिची खूण बसेल, नाहीतर पट्टीच बसणार नाही."

एवढं बोलून हे भुसा पसरायला लागले. मी पदरानं डोळे पुसले. ऑइलचा वास झोंबतो डोळ्यांना.

डॉक्टरीणबाईंनी वॉशर बोटांत फिरवून पाहिला. मग सूनबाईला म्हणाल्या, "तू कुठलं ऑइल म्हणत होतीस?"

"चाळीस."

"का?"

"फटी बारीक आहेत म्हणून. साठ तिथून सावकाश जातं, आतच घासून तापतं. काटा ताठ दिसतो, पण काटा फक्त दाब दाखवतो. ऑइल बेअरिंगपर्यंत पोचतंय का, ते दाखवत नाही. चाळीसला काटा मधोमध राहील. घाटात पाय दाबलात की थोडा चढेल. मधे राहिला म्हणून घाबरून पाय काढू नका, एवढंच माझं मागणं."

"हं." त्यांनी कोट काढून घडी घातली, डाग आत राहील अशी. "दातात भरायचा मसाला मीही पोकळी बघूनच मळते. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा दात बघून नाही. घाल तुझं चाळीस. तू माझ्या शेजारी बसशील?"

"बसेन."

"ओरडायचं नाही पण."

"तुम्हीही," सूनबाई म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा सगळे हसले.

तिनं आतलं सगळं तपासलं, स्प्रिंग मोकळी बसवली, नवा फिल्टर लावला. दुपारी दोघी गावाबाहेरच्या चढावर गेल्या. हे आणि मी खाली वळणापाशी उभे होतो. गाडी वर जाताना दिसली, मग फक्त आवाज राहिला. तोच खर्जातला स्वर. चढ संपेपर्यंत तो कुठे तुटला नाही, कुठे चिरकला नाही. ह्यांनी टोपी काढून हातात धरली होती. का, ते मी विचारलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंचे केस विस्कटले होते आणि डोळे चमकत होते. हे धावतच काट्याकडे गेले. मधोमध. ऑइलच्या तापमानाचा काटा मात्र नेहमीपेक्षा बराच खाली.

"पहिल्या वळणावर मी पाय काढला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काटा बघून. तर ही म्हणाली, डॉक्टर, दुखणार नाही, घाबरू नका. माझंच वाक्य माझ्यावर! मग नाही काढला."

गाडी थंड झाल्यावर शेवटची परीक्षा. फिल्टर कापायचा. आत कागदाच्या चुण्या असतात, त्या उलगडून उजेडात धरायच्या. बेअरिंग घासलं असेल तर चुण्यांत चकाकी दिसते. हे काम आजवर ह्यांचंच. पण ह्यांनी करवत सूनबाईकडे दिली आणि स्वतः दिवा धरला. ती एकेक चुणी उलगडत होती आणि आम्ही तिघं वाकून बघत होतो, पोथीवर वाकावं तसे. कागद मधासारखा स्वच्छ. एक कण नाही.

"आहे का काही?" डॉक्टरीणबाईंनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले. "काहीही नाही!" आणि असं म्हणाले की जणू खजिना सापडला.

मग ह्यांनी पितळेची पट्टी बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली, हातोडा सूनबाईपुढे केला. तिनं आधी आकडा ठोकला. चाळीस. नीट, सरळ.

"आणि खूण?" ह्यांनी विचारलं. "काय ठोकणार? घड्याळ?"

सूनबाईनं जरा विचार केला. मग डॉक्टरीणबाईंपुढे हात केला. त्यांनी तो वॉशर तिला दिला. तिनं तो पट्टीवर ठेवून आकार पाहिला, तेवढ्या मापाचा पोकळ पंच भिंतीवरून काढला आणि एकाच घावात गोल उठवला.

"अगं, ही तर माझी चूक!" हे म्हणाले.

"तुमची कुठे, बाबा? आईंनी नरम केलेला, तुम्ही घातलेला, मी काढलेला. घरची खूण आहे."

हे व्हाइसचा दांडा उगाच मागेपुढे फिरवत राहिले.

शर्यतीत डॉक्टरीणबाई दुसऱ्या आल्या. पहिला नंबर ब्रेकमुळे गेला, इंजिनामुळे नाही, असं त्या स्वतः सगळ्यांना सांगतात. त्यानंतर गिऱ्हाइकं येतात ती विचारत, गोल खुणेवाली बाई कुठे आहे. आणि आमचे हे त्यांना बसवून घेऊन आधी वॉशरची गोष्ट ऐकवतात. स्वतःची फजिती, अगदी रंगवून. आख्यान लावावं तसे उभे राहून सांगतात. दर खेपेला काटा आणखी पुढे जातो आणि ऑइलची चिळकांडी आणखी लांब उडते. परवा तर ती छताला लागली.

"अहो," मी दारातून म्हटलं, "छताला कुठे लागली? कोटावर पडली होती."

"तू गप्प बस," हे म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळून, छाती पुढे काढून, "तर काय सांगत होतो? एवढं सगळं मी बिघडवलं. आणि तिनं सगळं जागेवर आणलं. आमच्या सूनबाईनं!"

सूनबाई गाडीखाली होती. तिथून आवाज आला, "बाबा, गोष्ट झाली असेल तर बारा नंबरचा पाना द्या."

"देतो, देतो," हे म्हणाले, आणि लगबगीनं पाना घेऊन गेले.